हेवीवेट विजेते आणि तुलनेचा काटा

मुष्टियुद्धाच्या इतर सगळ्या गटांना वजनाची वरची मर्यादा असते, हेवीवेटला नसते. खालची पायरी ओलांडली की ९१ किलोचा आणि १२५ किलोचा माणूस एकाच किताबासाठी समोरासमोर उभे राहू शकतात. या गटाचे आकर्षणही त्यातच आहे. हेवीवेटचा विजेता म्हणजे जगातला सर्वांत जबरदस्त माणूस, ही समजूत शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. जो लुई मोठा की मुहम्मद अली, टायसनने मार्सियानोला कितव्या फेरीत झोपवले असते, हे वाद त्यामुळेच मिटत नाहीत. गावसकर की तेंडुलकर हा वाद निदान धावा आणि सरासरी पुढे ठेवून घालता येतो. मुष्टियुद्धात तसा आकडा नाही. जिंकलेल्या लढती मोजता येतात. पण समोर कोण होते, त्याचे वय काय होते, लढत किती फेऱ्यांची होती आणि कोणाला मुळात रिंगमध्ये येऊच दिले नव्हते, यातले काहीच त्या संख्येत दिसत नाही.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला, दोघे ऐन भरात असताना लढले असते तर कोण जिंकले असते? दुसरा, आपापल्या काळात कोण अधिक मोठा होता? पहिल्याचे उत्तर कल्पनेनेच द्यावे लागते. दुसऱ्याला पुरावा आहे. त्यासाठी त्या त्या काळाचे नियम, प्रतिस्पर्धी आणि बंद दरवाजे तपासावे लागतात. ‘कोण कोणाला हरवेल’ या प्रश्नाला जे थोडेफार उत्तर मिळते, तेही या तपासातूनच मिळते.

आधी नियम. १८८९ मध्ये मिसिसिपी राज्यात जॉन एल. सलिव्हनने जेक किलरेनला ७५ फेऱ्यांनंतर हरवले. उघड्या मुठींची ही हेवीवेट किताबाची शेवटची लढत. ७५ हा आकडा आज अचाट वाटतो, पण त्या पद्धतीत कोणी जमिनीवर पडला की फेरी संपत असे. फेरी काही सेकंदांचीही असू शकत होती. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, उठण्यासाठी १० सेकंद आणि हातमोजे ही चौकट घालून दिली. ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये याच नियमांखाली जेम्स कॉर्बेटने सलिव्हनला २१ व्या फेरीत बाद केले आणि आजच्या अर्थाने हेवीवेटची परंपरा सुरू झाली. त्या लढतीतले मोजे पाच औंसांचे होते, आज हेवीवेट दहा औंसांचे घालतात. जड मोज्यांत हात अधिक जपला जातो. पातळ मोज्यांत डोक्यावर सारखे ठोसे मारणारा स्वतःचीच बोटे मोडून घेतो. जुने बॉक्सर तोलूनमापून, अंतर राखून, पकडापकडी करत का लढत, याचे एक कारण इथे आहे. त्यांना वेगवान खेळ येत नव्हता असे समजण्याचे कारण नाही. ४५ फेऱ्यांची लढत ठरलेली असताना पहिल्या दहा मिनिटांत दम घालवणे हा शुद्ध मूर्खपणा ठरला असता.

फेऱ्यांची संख्या हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. हेवीवेट किताबाच्या लढती दीर्घकाळ १५ फेऱ्यांच्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लाइटवेट गटातल्या एका लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम दुक-कू मरण पावला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सगळ्या संघटना १२ फेऱ्यांवर आल्या. हा नवा नियम जुन्या लढतींना लावून पाहिला तर इतिहास ओळखू येत नाही. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन १२ फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कागदावर जो लुईच्या पुढे होता, तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी होती. त्याने तेराव्या फेरीत लुईला पाडण्याच्या नादात अंगावर जाण्याची चूक केली आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना तो बाद झाला. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट तिन्ही कागदांवर मार्सियानोच्या पुढे होता, तेव्हाही घात तेराव्या फेरीनेच केला. १२ फेऱ्यांच्या नियमात कॉन विजेता होतो, वॉलकॉट किताब राखतो आणि मार्सियानोचा अपराजित विक्रम जन्मालाच येत नाही. अर्थात, बाराव्या फेरीला सगळे संपणार हे ठाऊक असते तर लुई आणि मार्सियानोही आधीपासून वेगळे लढले असते. हा नियम नुसता लढत छोटी करत नाही, कोणत्या जातीचा बॉक्सर वर येईल तेही ठरवतो.

एका नियमाचा इतिहास तर दोन लढती शेजारी ठेवल्या की डोळ्यांसमोर उभा राहतो. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो शहरात ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीने १११ किलोच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. त्या काळी पाडणाऱ्याने दूर जायचे बंधन नव्हते. विलर्ड गुडघ्यावर हात टेकून उठू लागला की डेम्प्सी त्याच्या बाजूला उभाच असे, आणि गुडघा जमिनीवरून सुटला की पुढचा ठोसा बसे. विलर्डला तोल सावरायलाही सवड मिळाली नाही. आठ वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२७ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर सातव्या फेरीत डेम्प्सीने जीन टनीला असेच लोळवले. पण आता पाडणाऱ्याने मोकळ्या कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होणार नाही, असा नियम होता. डेम्प्सी जुन्या सवयीने टनीच्या डोक्याशीच थांबला. पंच डेव्ह बॅरी त्याला कोपऱ्याकडे जायला सांगत राहिला. तो गेला तेव्हा मोजणी सुरू झाली. टनी नवाच्या आकड्याला उठला, पण प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद गेले होते. टनीने मागे मागे सरकत ती फेरी काढली आणि दहा फेऱ्यांची लढत गुणांवर जिंकली. टोलेडोचा डेम्प्सी अजिंक्य होता असे म्हणणाऱ्याने त्या अजिंक्यपणात नियमाचा वाटा किती, हे आधी वजा करावे. राग, वेग आणि दोन्ही हातांतली ताकद उरतेच, आणि ती कमी नव्हती. पण विलर्डची त्या दिवशीची अवस्था आजच्या कोणत्याही पंचाने पाहू दिली नसती.

नियमांपेक्षा अवघड हिशेब वर्णभेदाचा आहे. सलिव्हनने काळ्या बॉक्सरशी लढायला नकार दिला होता आणि पुढच्या विजेत्यांनीही तीच भिंत जपली. जॅक जॉन्सनला संधी मिळेपर्यंत तो तिशीत पोचला होता. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्याने टॉमी बर्न्सला इतके झोडपले की चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. गोऱ्या प्रेक्षकांना हे सहन होईना. निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजला शेतावरून परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रीनोमध्ये जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवले. निकाल कळताच अमेरिकेत अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली. दोन वर्षांनी लढतींची चित्रफीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली. ती १९४० पर्यंत टिकली.

जॉन्सन बचावाचा उस्ताद होता. समोरच्याचा दंड उघड्या तळव्याने अडवायचा, त्याला बोलण्यात गुंतवायचे आणि मग अपरकट. पण विजेता झाल्यावर त्यानेही सॅम लँगफर्ड, जो जीनेट, सॅम मॅकव्हे या तगड्या काळ्या प्रतिस्पर्ध्यांना टाळले. गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त होता, हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. तुलनेच्या काट्यावर मात्र ते भरत नाही. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत किताबासाठी समोर आलेला काळा आव्हानवीर एकच, पॅरिसमध्ये लढलेला जिम जॉन्सन, आणि ती लढत बरोबरीत सुटली. १९१५ मध्ये हवानात जॉन्सन हरल्यावर पुढे २२ वर्षे एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट किताबाची संधी मिळाली नाही. डेम्प्सीच्या नावासमोर काळ्या आव्हानवीर हॅरी विल्सशी न झालेली लढत कायमची कोरी राहिली आहे. १९२३ मध्ये फिर्पोबरोबरच्या थरारक लढतीनंतर डेम्प्सीने तीन वर्षे किताब पणाला लावलाच नाही, हेही त्याच्या भक्तांच्या लेखांत घाईने उरकले जाते. १९३७ पूर्वीच्या कोणत्याही विजेत्याला ‘जगज्जेता’ म्हणताना तो जगाच्या किती भागाशी लढला, हे विचारावेच लागते.

त्या काळाचा दृश्य पुरावाही फसवा आहे. १८९७ मध्ये कार्सन सिटीत झालेली कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत चित्रफितीवर आहे, म्हणजे सिनेमाच्या बाल्यावस्थेपासून हेवीवेट लढतींचे चित्रण होत आले. पण ते चित्रण कमी गतीने, हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याने झालेले असे. नंतरच्या यंत्रांवर ते चालवले की माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात आणि आधुनिक प्रेक्षक हसतो. योग्य गतीने पाहिल्यावर जॉन्सन वेगळाच दिसतो. जुन्या फिती किती कामाच्या आहेत याचा सर्वांत चांगला साक्षीदार माइक टायसन. त्याच्या व्यवस्थापकांपैकी जिम जेकब्सकडे जुन्या लढतींचा प्रचंड संग्रह होता आणि कोवळ्या वयातला टायसन त्या फिती तासन् तास पाहत असे. काळी चड्डी, पायांत मोजे नाहीत, बाजूने भादरलेले केस, हे त्याचे रूप डेम्प्सीच्या काळातून उचललेले होते.

२२ जून १९३७ रोजी जो लुईने जेम्स ब्रॅडॉकला हरवले आणि तुलनेला पहिल्यांदा भक्कम जमीन मिळाली. लुई ११ वर्षे ८ महिने विजेता राहिला आणि त्याने २५ वेळा किताब राखला. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही अबाधित आहे. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो सात वेळा किताबासाठी लढला. आजचे विजेते तेवढ्या लढतींना तीन-चार वर्षे घेतात. यातले बरेच आव्हानवीर सामान्य होते आणि वृत्तपत्रे त्यांची टिंगल करत, हे खरे. पण लुईने कोणाला टाळले, असे नाव शोधून सापडत नाही. ज्याच्याकडून हरला त्याच्याशी तो पुन्हा लढला, तेही कसे! १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने ओळखले होते की लुई डावा जॅब मारल्यावर हात खाली घेतो. त्या फटीतून त्याने उजवे ठोसे घातले आणि बाराव्या फेरीत लुईला बाद केले. दोन वर्षांनी यँकी स्टेडियमवर लुईने तो हिशेब १२४ सेकंदांत चुकता केला. लुईचे ठोसे आखूड असत. हात मागे खेचून, झोका घेऊन मारणे त्याच्याकडे नव्हते. खांदा वळतो न वळतो तोच एकामागोमाग तीन-चार ठोसे पोचलेले असत. ठोसे जोडून मारण्याच्या कलेत त्याच्या तोडीचा हेवीवेट झाला नाही, असे म्हणण्यात फारशी जोखीम नाही.

रॉकी मार्सियानोची गोष्ट उलटी आहे. त्याच्या बाजूने आकडा बोलतो: ४९ लढती, ४९ विजय, त्यात ४३ नॉकआउट. उंची सहा फुटांहून कमी, वजन ८४ किलोंच्या आसपास, हात आखूड. तालमीतल्या जुन्या वस्तादांनी अशा पोराला हेवीवेटमध्ये उतरवलेच नसते. दम आणि सोसण्याची ताकद यांवर त्याने सगळी कसर भरून काढली. पण त्याचे नावाजलेले बळी तपासले तर प्रत्येकाचा जन्मदाखला पाहावा लागतो. त्याने हरवला तो लुई ३७ वर्षांचा होता. वॉलकॉट ३८ चा, आणि आर्ची मूर त्याहून थोराड. एझर्ड चार्ल्सचे उत्तम दिवस मागे पडले होते. शिवाय मार्सियानोला वॉलकॉटने पहिल्याच फेरीत पाडले आणि मूरने दुसऱ्या. शून्य पराभव ही गोष्ट जेवढी मोठी वाटते तेवढी ती नाही. ती बॉक्सरच्या बळाइतकीच त्याच्या काळाच्या पोकळीचीही खूण असते, आणि वेळेवर थांबण्याच्या शहाणपणाचीही. मार्सियानो १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी थांबला. लॅरी होम्स ४८ विजयांनंतरही लढत राहिला आणि १९८५ मध्ये मायकल स्पिंक्सकडून हरला. त्या एका रात्रीवरून दोघांत खालचा-वरचा ठरवणे अन्यायाचे आहे.

अलीच्या बाबतीत हिशेब पुन्हा बदलतो. १९६४ मध्ये मायामी बीचला सनी लिस्टनला हरवणारा आणि १९६७ पर्यंत कोणाच्या हाती न लागणारा तरुण अली वेगळा. १९७० मध्ये परतलेला, पायांचा वेग उणावलेला, मार खाऊन जिंकणारा अली वेगळा. मधली साडेतीन वर्षे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे गेली. ज्यांना अली सर्वश्रेष्ठ वाटतो ते कौशल्य पहिल्या अलीचे सांगतात आणि विजय दुसऱ्याचे. हे दोन्ही खरे असले तरी एकाच माणसाने एकाच वेळी केलेले नाही. दुसऱ्या अलीच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी मात्र हेवीवेटच्या इतिहासात बिनतोड आहे: जो फ्रेझर तीनदा, केन नॉर्टन तीनदा, जॉर्ज फोरमन.

याच तिघा-चौघांनी तुलनेतला सर्वांत मोठा भ्रम मोडून काढला. ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला हरवणारच, हा तो भ्रम. ८ मार्च १९७१ रोजी फ्रेझरने अलीला हरवले, पंधराव्या फेरीत डाव्या हुकने त्याला खाली बसवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. दोन महिन्यांनी नॉर्टनने अलीचा जबडा मोडला. पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत उडवले. या हिशेबाने ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे किन्शासात अलीचे हाल व्हायला हवे होते. अली दोरांना टेकला, हात चेहऱ्यापुढे घेतले आणि फोरमनला मारू दिले. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात जड झाले होते आणि आठव्या फेरीत तो कोसळला. फ्रेझर वाकून आत घुसणारा होता. अलीला तसा माणूस जड जाई आणि फोरमनला तोच सोपा पडे, कारण तो स्वतः चालत त्याच्या अपरकटवर येई. कुस्तीत एका डावाला दुसरा डाव मोडतो, त्यातलाच हा प्रकार. कोणत्याही काल्पनिक लढतीत पहिला प्रश्न ‘कोण श्रेष्ठ’ हा नसून ‘कोणाची लढण्याची पद्धत कोणाला त्रासाची’ हा असतो.

पिढ्यांची गाठ प्रत्यक्षातही पडते, पण ती बहुधा एकतर्फी असते. म्हाताऱ्या लुईला मार्सियानोने हरवले, थकलेल्या अलीला होम्सने १९८० मध्ये, परतलेल्या होम्सला टायसनने १९८८ मध्ये, उतरणीला लागलेल्या टायसनला लेनॉक्स लुईसने २००२ मध्ये. या साखळीवरून नवी पिढी सरस असे अनुमान काढणारे वय विसरतात. उलट दिशेचे पुरावे जास्त बोलके आहेत. १९९१ मध्ये ४२ वर्षांचा, वाढलेल्या पोटाचा फोरमन त्या वेळचा निर्विवाद विजेता इव्हँडर होलिफील्डपुढे पूर्ण १२ फेऱ्या टिकला. पुढच्या वर्षी त्याच वयाच्या होम्सने ऑलिंपिक सुवर्णविजेत्या रे मर्सरला गुणांवर हरवले आणि मग होलिफील्डसमोर तोही १२ फेऱ्या उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांच्या फोरमनने मायकल मूररला दहाव्या फेरीत बाद करून किताब परत मिळवला. किन्शासात गमावल्याला वीस वर्षे झाली होती. सत्तरच्या दशकातली माणसे आपल्या उतारवयात नव्वदच्या दशकाला पुरून उरली, तर त्यांच्या ऐन भरातल्या रूपाला ‘कालबाह्य’ म्हणायला फारसा आधार उरत नाही.

मग देहाचा मुद्दा. डेम्प्सी, मार्सियानो, पॅटरसन, चार्ल्स हे सगळे आजच्या क्रूझरवेट गटात बसले असते. १९७९-८० च्या सुमारास हा मधला गट निर्माण झाला तो हेवीवेट माणसे मोठी होत चालली म्हणूनच, आणि त्याची मर्यादा आता साधारण ९०.७ किलो आहे. लेनॉक्स लुईस सहा फूट पाच इंच, व्लादिमीर क्लिच्को सहा फूट सहा, टायसन फ्यूरी सहा फूट नऊ. पूर्वीही दांडगी माणसे होती. जो लुईने ११८ किलोच्या प्रिमो कार्नेराला सहज हरवले होते. पण कार्नेरा म्हणजे नुसता आकार. लेनॉक्स लुईस आणि क्लिच्को यांच्याकडे आकारासोबत जॅब, अंतराची जाण आणि इमॅन्युएल स्टुअर्डसारखा प्रशिक्षक होता. लांब जॅबने रोखायचे, जवळ आला की मिठी मारून त्याच्या मानेवर आपले वजन टाकायचे, वेगळे झाले की पुन्हा जॅब. ही पद्धत पाहायला कंटाळवाणी, पण ८४ किलोच्या माणसाला तीतून वाट काढणे फार कठीण. इथे मार्सियानोच्या बाजूने प्रामाणिकपणे फारसे बोलता येत नाही.

मात्र आकाराने सगळे ठरते, हे ओलेक्सांद्र उसिकने खोटे पाडले. क्रूझरवेटमधून आलेल्या या सहा फूट तीन इंची डावखुऱ्याने १८ मे २०२४ रोजी रियाधला फ्यूरीला विभागलेल्या निकालाने हरवले आणि चारही मुख्य संघटनांचे पट्टे एकत्र केले. फ्यूरी त्याच्यापेक्षा सुमारे १७ किलोंनी जड होता. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत हे अंतर आणखी वाढले, आणि उसिक अधिक स्पष्टपणे जिंकला. सुमारे शंभर किलो वजन आणि न थकणारे पाय असतील तर उंची झाकता येते, असा याचा अर्थ घेता येईल. त्या मापात तरुण अली (९५ किलोंच्या आसपास) आणि जो लुई (९० च्या वर) बसतात किंवा सीमेवर येतात. डेम्प्सी आणि मार्सियानो बसत नाहीत. माइक टायसन उंचीने मार्सियानोच्याच वर्गातला, पण वजन ९८-९९ किलो. शिवाय १९८६ ते १९८८ मधला त्याचा वेग त्याआधी किंवा नंतर त्या वजनात कोणाकडे दिसला नाही. टायसनची अडचण निराळी होती. त्याचा भर फार थोडा टिकला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने त्याला बाद केले तेव्हा तो अजून २४ वर्षांचाही नव्हता, आणि त्यानंतर पहिल्या दर्जाच्या, भरातल्या प्रतिस्पर्ध्याला त्याने हरवल्याचे उदाहरण नाही.

पट्ट्यांच्या गोंधळाने अलीकडची तुलना आणखी गढूळ केली. १९७८ मध्ये नॉर्टनला किताबाची एकही लढत न जिंकता विजेता जाहीर केले गेले. आता चार मुख्य संघटना आहेत. क्लिच्को बंधूंनी दहा वर्षांच्या आसपास बहुतेक पट्टे घरात ठेवले, पण एकमेकांशी लढणार नाही असे आईला दिलेले वचन त्यांनी पाळले. कुटुंब म्हणून ते शोभून दिसते. मात्र त्या काळातली सर्वांत महत्त्वाची लढत झाली नाही. व्लादिमीरचे सलग १८ बचाव त्यामुळे लुईच्या २५ च्या शेजारी ठेवले तरी त्याच वजनाचे वाटत नाहीत.

क्रमवारी लावणारेही आपल्या काळातून सुटत नाहीत. ‘द रिंग’ मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर अखेरपर्यंत जॅक जॉन्सनला पहिला क्रमांक देत राहिला. यंत्राकडून निवाडा मागण्याचा प्रयत्नही झाला. १९६७ मध्ये मायामीचा रेडिओ निर्माता मरी वरोनर याने सोळा विजेत्यांची माहिती संगणकात भरून नभोवाणीवर स्पर्धा घेतली. मार्सियानो जिंकला. अली जेफ्रीजकडून हरला आणि त्याने बदनामीचा दावा लावला. तडजोडीत ठरले की अली आणि मार्सियानो यांची लढत पडद्यासाठी चित्रित करायची. १९६९ मध्ये दोघे मायामीच्या स्टुडिओत उभे राहिले. मार्सियानोने बावीस-तेवीस किलो वजन उतरवले होते आणि डोक्यावर केसांचा टोप घातला होता. वेगवेगळे शेवट चित्रित झाले, निकाल दोघांनाही ठाऊक नव्हता. ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत त्याने अलीला तेराव्या फेरीत बाद केल्याचे दिसले. युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला.

सगळी वजाबाकी केल्यावर पहिल्या जागेसाठी जो लुई आणि अली हीच दोन नावे टिकतात, आणि दोघांचीही उमेदीची वर्षे रिंगबाहेर गेली आहेत. लुई सैन्यात होता. मार्च १९४२ नंतर जून १९४६ पर्यंत त्याने किताब राखण्याची लढत खेळली नाही. परतल्यावर कॉनला त्याने पुन्हा हरवले, पण डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने त्याला दोनदा पाडले आणि त्याला मिळालेला विजय अनेकांना पटला नाही. म्हणजे लुईची मोठी कामगिरी खंडाच्या आधीची आहे, अलीची खंडानंतरची. आपल्या काळावर कोणाची पकड घट्ट होती, एवढेच विचारले तर उत्तर लुई. कोणी कठीण माणसांना हरवले, असे विचारले तर अली. दोघांची काल्पनिक लढत मांडणारे अलीच्या बाजूने कॉनचे उदाहरण देतात: पायांवर नाचणाऱ्या हलक्या माणसाने लुईला १२ फेऱ्या चकवले होते. लुईच्या बाजूचे लोक हेन्री कूपरच्या आणि फ्रेझरच्या डाव्या हुककडे बोट दाखवतात. अली हात खाली ठेवून डोके मागे घेत असे आणि दोन्ही वेळा हुक तिथेच बसला होता. लुईचा डावा हुक त्या दोघांपेक्षा आखूड होता आणि त्याच्यामागून लगेच उजवा येत असे.